समुद्रांतील जमीन आणि उसना पैसा

जमिनीसारखें दुसरें भांडवल नाहीं, अशी आपल्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत आहे. सोनें चोरीस जातें, व्यापारांत खोट येते, पेढी बुडते. परंतु जमीन कोठें पळून जात नाहीं, असें वडील माणसें सांगत आलीं आणि मुलांनीं तें ऐकलें. या समजुतींत सत्याचा अंश मोठा आहे. मात्र जमीन बुडत नाहीं, म्हणून जमिनींत पैसा गुंतविणाराहि बुडत नाहीं, असें समजणें ही मोठी चूक होय. या दोन गोष्टींत केवढें अंतर आहे, याचा धडा मुंबई शहरास १८६५ सालीं मिळाला. आणि तो इतका स्पष्ट आहे कीं, घर, भूखंड अथवा जमिनीच्या कंपनीचे शेअर घेऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें तो एकदां तरी डोळ्यांखालून घालावा.

समुद्र हटवून जमीन निघते, यावर मुंबईकरांचा विश्वास बसण्यास सबळ कारण होतें. मुंबई हीं मूळचीं सात बेटें. त्यांच्यामधील खाड्या बुजवून, बांध घालून, दलदल भरून शहर उभें राहिलें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरळीचा बांध पुरा झाला आणि भरतीच्या पाण्याखालीं जाणारा मोठा प्रदेश वस्तीस मोकळा झाला, ही गोष्ट लोकांच्या स्मरणांत होती. पुढें १८५३ सालीं आगगाडी सुरू झाली, व्यापार वाढला, कोटाच्या आंत माणसांची व मालाची दाटी झाली. सर बार्टल फ्रीअर हे १८६२ सालीं गव्हर्नर झाल्यावर जुना तट पाडण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. शहरास जागा हवी होती, गोद्या हव्या होत्या, रेल्वेस स्थानकें हवीं होतीं. यांत खोटें असें कांहींच नव्हतें. जमिनीच्या व्यवहारांतील मोठे अनर्थ बहुधा निव्वळ खोट्यावर उभे राहत नाहींत. खऱ्या गरजेवर अवास्तव आशेचे मजले चढविले गेले, म्हणजे ते होतात.

हे मजले चढविण्यास लागणारा पैसा मुंबईस अमेरिकेनें पुरविला. एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण भागांत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं आणि लँकेशायरच्या गिरण्यांस जाणारा अमेरिकन कापूस बंद पडला. गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. गुजराथ, खानदेश, वऱ्हाड या प्रांतांतील कापूस मुंबई बंदरांतून जाऊं लागला आणि त्यास पूर्वीं कोणीं कल्पिला नव्हता असा भाव आला. भावाच्या लोभानें लोकांनीं गाद्या उसवून त्यांतील कापूस विकला, असें सांगतात. या पांच वर्षांत कापसाच्या नेहमींच्या किंमतीहून सुमारें ८ कोटि १० लक्ष पौंड अधिक मुंबईस मिळाले, असा अंदाज त्या काळच्या जाणत्यांनीं केला आहे. त्या वेळीं पौंडास दहा रुपये पडत. म्हणजे हा आंकडा ८१ कोटि रुपयांचा झाला.

एवढें द्रव्य थोड्या अवधींत एका शहरांत येऊन पडलें, तर त्यास मार्ग कोणता? त्या काळीं मुंबईंत गिरण्या नुकत्याच निघत होत्या. सरकारी रोख्यांचें व्याज धीम्या गतीचें. तेव्हां पैसा नव्या कंपन्यांकडे धांवला. १ जानेवारी १८६५ या दिवशीं मुंबईंत ३१ बँका, १६ वित्तमंडळ्या आणि जमिनीच्या ८ कंपन्या होत्या, अशी नोंद आहे. दहा वर्षांपूर्वीं अशा सर्व प्रकारच्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. जमिनीच्या कंपन्यांचा हेतु एकच, तो म्हणजे समुद्र भरून जमीन करणें व ती विकणें. एल्फिन्स्टन कंपनी पूर्वेच्या बंदराकडे, माझगांव कंपनी माझगांवास, कुलाबा कंपनी कुलाब्यास, याप्रमाणें मुंबईचा किनारा कागदावर वांटला गेला. या सर्वांत अग्रमान मिळाला तो बॅक बे कंपनीस. कुलाब्यापासून मलबार टेंकडीपर्यंत पसरलेल्या उथळ उपसागराचा भाग भरून काढावा, त्यांतील कांहीं जमीन बॉम्बे-बरोडा रेल्वेस द्यावी व उरलेली विकून नफा करावा, अशी ही योजना होती.

या कंपनीच्या एका शेअरवर ५,००० रुपये भरलेले होते. कंपनीचे ४०० शेअर मुंबई सरकारनें घ्यावे असें प्रथम ठरलें होतें. परंतु वरिष्ठ सरकारनें त्यास संमति दिली नाहीं, म्हणून ते जाहीर लिलावानें विकण्यांत आले. लिलावांत दर शेअरमागें सरासरी २६,५०० रुपये वाढावा मिळाला. एकंदर वाढाव्याची रक्कम १ कोटि ६ लक्ष रुपये झाली. पुढें हाच शेअर ५०,००० रुपयांच्या घरांत गेला. आणि ही किंमत ज्या जमिनीची म्हणून दिली जात होती, ती जमीन त्या वेळीं कोठें होती? ती बॅक बेच्या पाण्याखालीं होती. भरतीओहोटी नित्याप्रमाणें चालूं होती आणि किनाऱ्यावर दलाल त्या पाण्याच्या किंमती पुकारीत होते.

आतां या व्यवहाराचें यंत्र कसें चालत होतें, तें नीट पाहिलें पाहिजे. कारण त्यांतील चक्रें आजच्याहि बाजारांत तींच आहेत. पहिलें चक्र अर्धवट भरण्याचें. कंपनीचा शेअर घेतांना सर्व रक्कम द्यावी लागत नसे. थोडी आज, बाकीची कंपनी मागेल तेव्हां. त्यामुळें ज्याच्यापाशीं एका शेअरपुरता पैसा आहे तो चार शेअरांचा धनी होई, आणि पुढच्या हप्त्यांची जबाबदारी त्याच्या शिरावर बसे. दुसरें चक्र तारणाचें. घेतलेला शेअर वित्तमंडळीकडे किंवा बँकेकडे गहाण टाकावा, त्यावर कर्ज काढावें व त्या कर्जांतून आणखी शेअर घ्यावे. भाव चढता असेपर्यंत तारणाची किंमत वाढते व कर्जहि वाढवून मिळतें. भाव उतरला कीं तारण तोकडें पडतें आणि सावकार दारांत उभा राहतो. तिसरें चक्र वायद्याचें. अमुक मितीस अमुक भावानें शेअर घेईन, असा करार आज करावयाचा. पैसा आज कोणी द्यावयाचा नाहीं, माल आज कोणी दाखवावयाचा नाहीं. १८६५ च्या पूर्वार्धांत झालेले असे असंख्य सौदे १ जुलै १८६५ या मितीस पुरे व्हावयाचे होते.

या यंत्राचा सूत्रधार म्हणून प्रेमचंद रायचंद या सुरतेच्या जैन गृहस्थाचें नांव इतिहासांत राहिलें आहे. १८३१ सालीं जन्मलेला हा बुद्धिमान दलाल इंग्रजी लिहूं-वाचूं शकणाऱ्या पहिल्या एतद्देशीय दलालांपैकीं एक होता. नवी कंपनी निघाली कीं तिच्या शेअरांच्या वांटपांत त्याच्या शब्दास वजन असे. त्याचा एक शब्द मिळावा म्हणून लहानथोर त्याच्या दारीं जात. त्याची दृष्टि तीव्र होती आणि हात उदार होता. १८६४ सालीं त्यानें मुंबई विद्यापीठास ग्रंथालयाकरितां दोन लक्ष व मनोऱ्याकरितां दोन लक्ष रुपये दिले. १८७८ सालीं पुरा झालेला राजाबाई टॉवर त्याच्या मातेच्या नांवानें आजहि उभा आहे. अशा माणसास ठक म्हणून मोकळें होणें सोपें आहे, परंतु न्याय्य नाहीं. ज्या भावावर तो इतरांस शेअर घेऊं देत होता, त्याच भावावर त्याचा स्वतःचाहि विश्वास होता; आणि म्हणूनच तोहि इतरांबरोबर बुडाला. मार्गदर्शक प्रामाणिक आहे, एवढ्यानें मार्ग सुरक्षित ठरत नाहीं.

९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेचा सेनापति ली यानें शस्त्रें खालीं ठेविलीं. ही वार्ता पुढील कांहीं आठवड्यांत मुंबईस येऊन पोंचली आणि कापसाचा भाव कोसळला. वास्तविक अमेरिकेंतील शांततेचा बॅक बेच्या पाण्याशीं काय संबंध? शहराची जागेची गरज एका रात्रींत नाहींशी झाली नव्हती. परंतु जमिनीचा भाव गरजेनें ठरलेला नव्हताच; तो कापसाच्या पैशानें ठरला होता. झरा आटला तेव्हां त्या पाण्यावर चालणारें सर्व यंत्र थांबलें. मे महिन्यांतच एक बडी पारशी पेढी कोट्यवधि रुपयांच्या देण्याखालीं बसली. जो तो शेअर विकावयास निघाला, आणि सर्वच विकणारे झाल्यावर घेणारा उरला नाहीं. १ जुलै उजाडला तेव्हां घेणाऱ्यापाशीं द्यावयास पैसा नव्हता. त्याच्याकडून येणें असलेल्यानें दुसऱ्याचें देणें केलेलें होतें, दुसऱ्यानें तिसऱ्याचें. शहरांतील बहुतेक व्यापारी एकाच वेळीं सावकार व कर्जदार असल्यामुळें एकाचें दिवाळें सर्वांचें दिवाळें झालें. नेहमींचीं न्यायालयें इतक्या दिवाळ्यांस पुरीं पडेनात, म्हणून त्यांच्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्याकरितां सरकारास १८६५ चा २८ वा कायदा करावा लागला.

ज्यांनीं एकहि सौदा केला नव्हता, त्यांनाहि या आपत्तीची झळ लागली. १८४० सालीं स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा भाग असलेली व लोकांच्या विश्वासाची पेढी. तिच्या मूळच्या नियमांत कर्जावर कडक बंधनें होतीं; १८६३ सालच्या नव्या कायद्यानें तीं सैल झालीं आणि कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर बँकेचा पैसा बाहेर जाऊं लागला. परिणाम असा झाला कीं, या बँकेचा जो शेअर तेजींत २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढें ८७ रुपयांस विकला गेला. बँकेचें बहुतेक सर्व भांडवल नष्ट झालें, १८६८ सालीं ती गुंडाळावी लागली व त्याच नांवाची नवी बँक काढावी लागली. बँकेच्या नाशाची चौकशी करण्यास सरकारनें मंडळ नेमलें. सुरक्षित म्हणून बँकेचा शेअर घेऊन स्वस्थ बसलेल्या सावध माणसाचें नुकसान दुसऱ्यांच्या धाडसानें झालें, ही या प्रकरणांतील सर्वांत कटु गोष्ट होय.

यानंतर घरांच्या मालकांची पाळी आली. १८६४ च्या शिरगणतींत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. १८७२ च्या शिरगणतींत ती ६,४४,४०५ आढळली. कामधंद्याच्या आशेनें आलेलीं माणसें काम संपतांच परत गेलीं. ज्यांनीं तेजीच्या दिवसांत भारी किंमतीस जागा घेऊन घरें बांधलीं, त्यांस भाडेकरू मिळेनात. घर भाड्यानें जाईल या हिशेबावर काढलेलें कर्ज घर रिकामें आहे म्हणून थांबत नाहीं.

परंतु या कथेचा सर्वांत बोधप्रद भाग पुढेंच आहे. ती जमीन शेवटीं निघाली कीं नाहीं? ती निघाली. बॅक बेच्या किनाऱ्याची पट्टी भरली गेली, तिच्यावरून रेल्वे गेली आणि १८७० सालीं चर्चगेट स्थानक सुरू झालें. पूर्वेकडील एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता त्याच वर्षीं सरकारनें विकत घेतली. तिच्या आधारावर १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला व १८८० सालीं प्रिन्सेस डॉक पुरी झाली. म्हणजे १८६४ च्या स्वप्नाळू माणसांनीं मुंबईविषयीं केलेलें भाकीत खोटें ठरलें नाहीं. मुंबई वाढेल, समुद्रांतून जमीन निघेल, ती मोलाची ठरेल, हें सारें अक्षरशः खरें झालें. मात्र तें पाहण्यास ते भागीदार धनी म्हणून उरले नाहींत. जमिनीला पन्नास वर्षें थांबतां येतें. वायद्यास पन्नास दिवसहि थांबतां येत नाहीं. जमिनीचा वेग व कर्जाचा वेग यांतील हा विरोध ज्याच्या ध्यानीं आला नाहीं, त्याचें अनुमान बरोबर असूनहि त्याचा नाश होतो.

हा धडा शहर विसरलें नसतें, तर बरें झालें असतें. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत पुन्हां पैशाचा पूर आला आणि जागांचे भाव चढले. सर जॉर्ज लॉइड हे गव्हर्नर असतांना सरकारनें स्वतःच तोच बॅक बे पुन्हां भरण्यास घेतला. बेत १,१४५ एकरांचा होता. या वेळीं खाजगी कंपनीऐवजीं सरकारी खातें होतें, मोठे यांत्रिक गाळउपसे होते, लोकांकडून घेतलेलें कर्ज होतें. पण समुद्राच्या भिंतींतून आंत टाकलेला गाळ बाहेर वाहून जाऊं लागला, उपशाचा वेग अपेक्षेहून कमी पडला, खर्चाचे अंदाज भराभर वाढले, आणि तोंवर युद्धोत्तर तेजी ओसरून जागेस गिऱ्हाईक उरलें नाहीं. वकील खुर्शेद नरिमन यांनीं या कारभारावर कडाडून टीका केली. त्यांच्यावर एका अधिकाऱ्यानें अब्रुनुकसानीची फिर्याद केली व ते निर्दोष सुटले. शेवटीं चौकशी होऊन योजना आंखडती घेण्यांत आली व सुमारें ४४० एकरांवर काम थांबलें. आणि येथेंहि तीच गोष्ट घडली. १९४० च्या सुमारास याच भरावावर मरीन ड्राइव्हचा देखणा रस्ता व त्यावरील इमारती उभ्या राहिल्या. जमीन खरी ठरली. तिची घटका मात्र चुकीची धरली होती.

तिसरा धोका समुद्राचा नाहीं व बाजाराचाहि नाहीं. तो कायद्याचा आहे. पगारांतून शिल्लक टाकून एखादी चाळ बांधावी व म्हातारपणीं तिच्या भाड्यावर राहावें, असा पूर्वीं अनेक सुखवस्तु कुटुंबांचा हिशेब असे. १९१८ सालीं युद्धकाळाची सोय म्हणून भाड्यांवर निर्बंध आले. पुढें दुसऱ्या महायुद्धांत ते पुन्हां लागू झाले आणि १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें हेंच प्रमाण धरलें गेलें. निर्वासित व कामगार यांच्या डोक्यावरील छप्पर टिकावें, हा त्यांतील हेतु योग्यच होता, आणि त्यामुळें लक्षावधि कुटुंबें शहरांत राहूं शकलीं. परंतु भाडें गोठलें तरी चुना, लांकूड व मजुरी गोठली नाहीं. मालकानें दुरुस्ती सोडली, इमारती खचल्या. अखेर १९६९ सालीं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं स्वतंत्र मंडळ निर्माण करण्याचा कायदा करावा लागला. १९७६ सालच्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानें मोकळ्या भूखंडांचे हिशेब बदलले. तो महाराष्ट्रांत २००७ सालीं रद्द झाला. जमीन हलवितां येत नाहीं, हा तिचा गुण. पण म्हणूनच कायदा बदलला असतां ती घेऊन दुसरीकडे जातांहि येत नाहीं.

आज गुंतवणूक करणाऱ्यास १८६५ च्या मानानें पुष्कळ संरक्षण आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें प्रकल्पाची नोंदणी झाल्यावांचून जाहिरात व विक्री करण्यास बंदी घातली; घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकीं शेंकडा ७० भाग त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांसाठीं वेगळ्या खात्यांत ठेवण्याची सक्ति केली. महाराष्ट्रांत २०१७ सालापासून त्याकरितां स्वतंत्र प्राधिकरण काम करीत आहे. एका बांधकामाचा पैसा दुसऱ्या बांधकामांत नेऊन पहिलें अर्धवट ठेवण्याच्या रीतीस यामुळें आळा बसला. तथापि कोणताहि कायदा तेजीच्या शिखरावर घर घेणाऱ्यास तेथून खालीं उतरण्याचा जिना बांधून देऊं शकत नाहीं, आणि हप्ता भरण्याची ऐपत कोणासहि मिळवून देऊं शकत नाहीं. ती काळजी ज्याची त्यानें घ्यावयाची आहे.

त्या काळजीचें स्वरूप मुंबईच्या या इतिहासानें पुरेसें दाखवून दिलें आहे. जी जागा घ्यावयाची ती आज पायांखालीं आहे, कीं अजून पाण्यांत व नकाशांत आहे, हें प्रथम पाहावें. तिचा भाव तेथें राहणाऱ्यांच्या गरजेनें चढला आहे, कीं दूर कोठेंतरी चाललेल्या कापसाच्या तेजीनें, याचा शोध करावा. मालकी, भाडें व वापर यांविषयींचा कायदा काय आहे आणि तो कोणत्या दिशेनें बदलूं शकतो, हें जाणत्यास विचारावें. आणि सर्वांत शेवटीं, पण सर्वांत बारकाईनें, आपल्या वहींत पाहावें: भाव निम्मा झाला, भाडेकरू वर्षभर आला नाहीं व सावकारानें उद्यांच मागणी केली, तर ही जागा आपल्या हातांत राहील काय? या प्रश्नास होकारार्थी उत्तर देतां येणाऱ्या माणसास जमिनीनें सहसा दगा दिलेला नाहीं. ज्यांस तें देतां आलें नाहीं, त्यांचे शेअर १ जुलै १८६५ रोजीं मातीमोल झाले. आणि ज्या मातीचें मोल त्यांनीं अगोदरच देऊन ठेविलें होतें, तिच्यावर पुढें दुसऱ्यांचीं घरें उभीं राहिलीं.